देव्हाऱ्यातली कॅसेट

गिरगावची खोली सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायला आलो, तेव्हा इमारतीत लिफ्टची जागा बांधून ठेवलेली होती, लिफ्ट नव्हती. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. दाराशी एका तिवईवर मी ताम्हन ठेवून देई आणि रोज सकाळी जवळच्याच मोरवा गावातली एक कोळीण त्यात फुले ठेवून जाई. जास्वंद, तगर, दिवस बरे असले तर अनंताची दोन-तीन, आणि केळीच्या पानात गुंडाळलेल्या दूर्वा. सगळी तिच्या अंगणातली.

नियम माझा होता. जमिनीला टेकलेले फूल देवाला चालत नाही, पिशवीत कोंबलेले चालत नाही. खालच्या मजल्यावरचे गुजराती कुटुंब दोरीला टोपली बांधून फुले वर ओढून घेई, पण टोपली भिंतीला घासते, कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागते, म्हणून ती सोय मी कधी स्वीकारली नाही. पाठशाळेत वाढलेला आणि पुढे आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकवलेला मी. शुचितेच्या बाबतीत मला सवलत ठाऊक नव्हती. त्यामुळे ती बाई तीन मजले चढून येई.

चढताना ती दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसे. बराच वेळ बसे. मी सोवळे नेसून वाट पाहत असे, आणि तिचे ते बसणे मला आळसाचे वाटे. एकदा मी दारातून म्हणालो, "बाई, देवाची वेळ टळते आहे."

पायरीवरूनच ती हसली. "देव काय पलून जातंय, गुरुजी?"

मला ते उत्तर उद्धट वाटले होते, हे आज लिहिताना लपवत नाही.

त्या वर्षी चातुर्मासात नवघरच्या देवळात माझे प्रवचन होते. गर्भजलाची तपासणी करून मुलगी असली तर गर्भ पाडण्याचा प्रकार तेव्हा सुशिक्षित घरांतही शिरला होता. राज्याने त्याविरुद्ध कायदा केला होता, तरी लोक वाटा काढत होते. माझ्याकडे पूर्वी शिकून गेलेल्या एका मुलीला सासरच्यांनी दोनदा त्यातून नेले, हे मला कळले होते. मनात संताप साचलेला होता आणि त्या दिवशी व्यासपीठावर तो बाहेर पडला. मी मुलींविषयी बोलत होतो. पण संतापलेल्या माणसाला मोठा शब्द हवा असतो. मी म्हणालो, "भ्रूणहत्येला प्रायश्चित्त नाही. ती करणारी, ती करवणारा आणि तिला जागा देणारा, तिघांचीही पंगत एकच." सभामंडप स्तब्ध झाला. वक्त्याला अशी स्तब्धता गोड लागते. मलाही लागली.

घरी परतताना पत्नी म्हणाली, "आज बायका लवकर उठल्या."

"गाडीची वेळ झाली असेल."

"नवघरच्या बायकांना नवघरातच जायला कसली हो गाडी?" ती पुढे चालू लागली. मी कारण विचारले नाही.

पुढच्या वर्षी, थंडी सरता सरता, फुले येणे थांबले. चार दिवस मी बाजारातून आणली. पाचव्या दिवशी ती बाई आली ती रिकाम्या हातांनी. मी देवापुढे बसलो होतो. स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामध्ये एक पडदा तेवढा होता.

"अगं, फुलं कुठायत?" पत्नीने विचारले.

"न्हाय आनली, काकू. माज्या हातची आता देवाला चालायची न्हाय."

"का? काय झालं?"

मग थांबत थांबत तिने सांगितले. तिला तीन मुले. तिसऱ्या बाळंतपणात हृदयाची झडप आधीच खराब असल्याचे निघाले आणि डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितले होते की, आता पुन्हा नाही. आता दुसरा महिना सरला होता. "डागतरीन बोल्ली, ठेवलास तं तू न्हाय ऱ्हायाची, आनि त्यो पन न्हाय."

"मग तिच्याकडेच मोकळी हो ना."

"त्यांच्या दवाखान्यात सामान हाय. वरून कागद पन आलाय. पन कमिटी सुरू करू देत न्हाय."

"मी येते तुझ्याबरोबर ठाण्याला. उद्याच जाऊ."

"ठान्याला गेली तं सासू इचारंल, आख्खा गाव इचारंल. हिथं तं मी दम लागला का जातंच. कोन इचारनार?" तिने आवाज उतरवला. "काशीगावला एक बाई हाय. औशद देतं."

"तिचं नाव काढू नकोस माझ्यासमोर!"

"मंग काय करू? गुरुजी बोल्ले त्या दिशी, परायश्चित न्हाय म्हनून. मी व्हती ना मागं, चपलांपाशी. मना समदं कललं. आता सांगा, देवाला फुला कशी आनू?"

घंटा माझ्या हातात होती. ती मी वाजवली नाही. पडद्याआडून ऐकलेले ते 'दम लागला' हे शब्द मात्र दुसऱ्या मजल्याच्या पायरीपाशी जाऊन बसले. ती तिथे का बसत होती हे मला तेव्हा उमगले. झडप खराब असलेल्या बाईला मी रोज तीन मजले चढवत होतो, आणि तेही देवाच्या नावाने.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे नगरपरिषदेच्या प्रसूतिगृहात डॉक्टरीणबाईंना भेटलो. वयाने त्या आमच्या धाकट्या मुलीएवढ्या. त्यांनी कुलूप लावलेले एक कपाट दाखवले. उपकरणे त्यात होती, मान्यतेचे पत्रही आलेले होते. नगरपरिषदेने ठराव केला की काम सुरू करता येणार होते. पण आरोग्य समितीचे सभापती त्याला तयार नव्हते आणि ते जिकडे, बहुतेक सभासद तिकडे.

"बारा आठवड्यांच्या आत मी एकटी निर्णय घेऊ शकते," त्या म्हणाल्या. "तिच्या हृदयासाठी माझे एक परिचित डॉक्टर येऊन थांबायला तयार आहेत. पण पुढची सभा दहा दिवसांनी आहे. ती हुकली तर त्यापुढच्या सभेपर्यंत बारा आठवडे उलटून जातील. मग मला हात लावता येणार नाही. आणि ती तोपर्यंत थांबणार नाही, गुरुजी. कुठे जाईल ते तुम्हाला माहीत आहे."

"सभापतींना हे सांगितलेत?"

त्यांनी माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले. "तीनदा गेले. तुम्ही एकदा या माझ्याबरोबर."

सभापती नवघरचे नगरसेवक. गावातले जुने घर, सत्शील माणूस, एकादशी कधी न चुकवलेला. माझ्यावर त्यांची श्रद्धा होती, म्हणून मला वाटत होते की काम सोपे आहे. आम्ही तिघे गेलो. त्यांनी वाकून नमस्कार केला, पत्नीला "आई, तुम्ही पंख्याखाली बसा" म्हणून खुर्ची सरकवली, चहा सांगितला. डॉक्टरीणबाईंनी विषय काढताच मात्र ते उठले, हात धुऊन देव्हाऱ्यापाशी गेले आणि देवांच्या शेजारून एक कॅसेट काढून आणली. तिच्या डबीवर हळदकुंकू वाहिलेले होते.

"गुरुजी, बोलणार मी कोण?" ते म्हणाले. "ऐका तुम्हीच."

टेपरेकॉर्डरचे बटण त्यांनी दाबले आणि हात जोडले. खोलीभर माझा आवाज झाला. 'भ्रूणहत्येला प्रायश्चित्त नाही. ती करणारी, ती करवणारा आणि तिला जागा देणारा...' मी प्रवचन करीत असता सभापतींच्या पत्नीने ते टिपून घेतले होते. त्या आता स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून उभ्या होत्या.

डॉक्टरीणबाई खाली पाहत हलकेच म्हणाल्या, "ही माझी चौथी वेळ. आता मला तोंडपाठ आहे."

"जागा देणारा," सभापतींनी कॅसेट थांबवून बोट वर केले. "गुरुजी, जागा देणारा म्हणजे मीच की! दवाखाना नगरपरिषदेचा, सही माझी. तुम्ही देवळात सांगितलं, मी घरात पाळलं."

"मी मुलींसाठी बोलत होतो," मी म्हणालो. माझा आवाज यंत्रातल्या आवाजापुढे अगदी बारीक वाटला.

"मग तेच ना! दार उघडलं तर लोक मुलीच पाडायला येतील. आणि गुरुजी, माझ्या दारात एकादशीला अख्खं गाव येतं. त्यांना काय सांगू? गुरुजी तेव्हा एक बोलले, आता एक बोलतात?"

त्यांनी आग्रहाने दुसरा चहा दिला. तो मी प्यायलो. वाटेत रेल्वेचे फाटक बंद होते. गाडी जाईपर्यंत उभे असताना पत्नी म्हणाली, "आवाज मात्र छान आलाय तुमचा." ती रागावली की अशीच बोलते.

पुढच्या दोन दुपारी मी पोथ्या उघडून बसलो. आधाराचे वचन शोधत होतो. मातेला आधी राखावे असा अर्थ निघेल, सभापतींचे समाधान होईल, असे काही. शोधणाऱ्याला शास्त्रात दोन्हीकडची वचने सापडतात, हे मी विद्यार्थ्यांना हसत सांगत आलो होतो. मलाही सापडली. कागदावर उतरवून मी पत्नीला वाचून दाखवू लागलो.

ती तांदूळ निवडत होती. "हे कुणासाठी शोधलंत? तिच्यासाठी, की तुमचं बोलणं खोटं पडू नये म्हणून?"

"सभापतींना आधार लागेल."

"त्यांना कुठे पोथी ठाऊक आहे? त्यांना तुमचा आवाज ठाऊक आहे." ताटातला एक खडा उचलून तिने बाजूला ठेवला. "तिला विचारलंत का एकदा तरी, काय हवंय ते? माझ्यापाशी रडली ती. तुमच्यापाशी यायला घाबरते. रोज फुलं आणणारी बाई, आणि तुम्हाला घाबरते."

तो कागद मी पोथीत ठेवून दिला. आजही तो तिथेच आहे.

सभेच्या तीन दिवस आधी आम्ही पुन्हा नवघरला गेलो. या खेपेस डॉक्टरीणबाईंना आणले नाही. मी सभापतींना म्हणालो, "तुमच्या कॅसेटची मागची बाजू रिकामी आहे का?"

ते गोंधळले. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचे उत्तर आले, "कोरी हाय. एकच बाजू भरली व्हती."

"मला ती भरून द्यायची आहे."

"पण गुरुजी, ती देव्हाऱ्यातली..."

"म्हणूनच."

सभापतींना यंत्र चालवता येई, टिपता येत नसे. त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत आल्या, कॅसेट उलटी घातली, दोन बटणे एकदम दाबली आणि तोंडावर बोट ठेवून नवऱ्याला गप्प केले. टेप फिरू लागली. मी मंगलाचरण केले नाही. जे बोललो ते जसे आठवते तसे लिहितो.

"पहिल्या बाजूला जो आवाज आहे, तो माझाच आहे. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे हे घोर पाप, हे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो. पण त्या दिवशी मी समोर पाहिले नाही. समोर, चपलांपाशी, एक आई बसली होती. तिचे हृदय दुबळे आहे. ती आणखी एक बाळ पोटात वाढवू शकत नाही. वाढवले तर दोघेही जातात आणि घरातली लेकरे मागे राहतात. मी तिला पापिणीच्या पंगतीला बसवले. मला तो अधिकार नव्हता. दार बंद ठेवल्याने तिचे बाळ वाचत नाही. ती दुसऱ्या दाराने जाते आणि त्या दारातून परत येत नाही. जागा देणाऱ्याला मी दोष दिला होता. तो शब्द मी परत घेतो. तिला निर्भय जागा देणारा माणूस तिच्या मुलांना आई देतो. माझ्या बोलण्याने कुणी बाई देवाला फूल वाहायची थांबली असेल, तर तो अपराध माझा, तिचा नव्हे."

एवढे बोलून मी हाताने खूण केली. सभापतींच्या पत्नींनी यंत्र बंद केले. त्यांचे डोळे भरले होते. पण बोलल्या त्या नवऱ्याशी, आणि चांगल्याच ठसक्यात. "माज्या थोरल्या बहिनीला त्या काशीगाववालीकडंच नेलती. इसरलाव का तुमी?"

सभापती म्हणाले, "विसरलो नाही. बोलत नाही, एवढंच." मग माझ्याकडे वळले. "पण मुलींचं काय, गुरुजी?"

"ठरावातच लिहा. मुलगा की मुलगी हे तपासणारे यंत्र त्या दवाखान्यात येणार नाही. आणि प्रत्येक बाईचे कारण डॉक्टरीणबाई वहीत लिहून ठेवतील. नाव मात्र कुलपात."

"आणि गाव?"

"गावाने विचारले तर कॅसेट लावा. दोन्ही बाजू लावा."

सभेच्या दिवशी मी सभागृहाच्या मागच्या बाकावर बसलो होतो. सभापती खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून आले, तेव्हा कुणीतरी म्हणाले, "काय शेठ, आज लग्नाची गाणी?" हशा पिकला. विषय आल्यावर ते उभे राहिले, "आपण गुरुजींचं ऐकू" म्हणाले आणि बटण दाबले. चुकून आधीची बाजू लागली. माझा जुना आवाज गरजला, 'प्रायश्चित्त नाही!' विरोध करायला आलेले तीन सभासद आनंदाने बाक वाजवू लागले. सभापतींना घाम फुटला. कॅसेट काढताना ती हातातून निसटून टेबलाखाली गेली आणि मोठमोठी माणसे वाकून ती शोधू लागली. मागच्या बाकावर मी डोळे मिटून बसलो. माझ्या शब्दांचे ओझे इतके हलके, इतके हास्यास्पद असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

मग दुसरी बाजू लागली. कुणी हसले नाही. ती संपल्यावर बाक वाजवणाऱ्यांपैकी एकाने विचारले, "गुरुजी इथं आहेत का?" मी उभा राहिलो. "हे तुम्ही मनापासून बोललात, का कुणी बोलायला लावलं?"

"चपलांपाशी बसलेल्या त्या आईने लावले," मी म्हणालो.

ठराव दोन्ही अटींसह संमत झाला. दोघांनी विरोधात मत दिले. ज्याने मला प्रश्न विचारला होता, त्याने हात वर केलाच नाही. कुठल्याच बाजूला नाही.

त्या आठवड्यात ती तीन दिवस प्रसूतिगृहात होती. गावाला एवढेच ठाऊक की, तिला दम लागला होता. पत्नी रोज मऊ भात घेऊन जाई. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, "ठीक आहे. झोपली आहे." तो ऐकून मी देवघरात गेलो आणि ओंजळभर पाणी ताम्हनात सोडले, जे आले नाही त्याच्यासाठी. त्याला विधी नाही, म्हणून मंत्रही म्हटला नाही. मनातली जुनी श्रद्धा मी टाकून दिली नव्हती. तिच्या शेजारी दुसरे काही बसू शकते, एवढेच त्या वर्षी शिकलो.

महिना गेला तरी फुले येईनात. मग मीच एका सकाळी ताम्हन घेऊन मोरव्याला गेलो. ती अंगणात मासळी वाळवायच्या दोऱ्या बांधत होती. मला पाहून गडबडीने उठली.

"गुरुजी, तुमी? हिथं?"

"फुले मागायला आलो आहे."

ती जास्वंदीकडे पाहत राहिली. "माज्या हातची चालतील देवाला?"

"चालतील. ती मागायचा धीर मला व्हावा म्हणून तर चालत आलो. तुझ्या हातची नसतील तर देव उपाशी आहे, असे समज."

तिने हात धुतले, सावकाश फुले तोडली आणि ताम्हनात ठेवली. मी म्हणालो, "उद्यापासून तू वर यायचे नाहीस. मी खाली येईन."

तेव्हापासून कितीतरी वर्षे रोज सकाळी मी ताम्हन घेऊन तीन मजले उतरत आणि चढत आलो आहे. आता माझेही वय झाले आहे. परवा चढताना दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसावे लागले. तिची लेकरे मोठी झाली, थोरली मुलगी तर परिचारिका आहे. तरी फुले आणते ती स्वतःच. फुले देऊन झाली तरी ती जिन्याच्या तोंडाशी थांबली होती. मला बसलेला पाहून तिने खालून हाक मारली.

"बसा, बसा गुरुजी. देव काय पलून जातंय?"